मांडणीतली खोडी

“पांढरं?” काकू म्हणाल्या. “भांड्यांखाली पांढरं कापड अंथरणार तू?”

सून शिडीवर उभी होती. ओठांत टाचण्या धरल्यामुळे तिला बोलता येत नव्हतं. तिनं नुसती मान हलवली.

“आणि आपलं निळं?”

सुनेनं शेवटची टाचणी मागच्या पडद्यात खोचली आणि तोंड मोकळं केलं. “निळं गाडीत आहे, आई. घडी करून ठेवलंय. फार विटलंय ते.”

“विटू दे की. पांढऱ्यावर मांडलीस तर भांडी दवाखान्यात भरती केल्यासारखी दिसतील.”

“आई, तू बस बघू खुर्चीवर,” खोकी उतरवता उतरवता मुलगा ओरडला. “डॉक्टरांनी हाताला आराम द्यायला सांगितलंय. तोंडाचं सांगायचं राहून गेलं वाटतं त्यांचं!”

शेजारी चादरींचा गठ्ठा सोडत बसलेला चादरवाला खो खो हसला. “वहिनी, पोरगं बापावर गेलंय हं!”

“बापावर गेलं असतं तर निदान मला घाबरलं असतं,” काकू म्हणाल्या आणि बसल्या.

बसल्या खऱ्या, पण ते बसणं त्यांना टोचत होतं. मेळ्यात त्या कधी बसलेल्याच नव्हत्या. पोर कडेवर होतं तेव्हापासून या मैदानावरून त्या मैदानावर, आधी हातगाडीवर, मग सामानाच्या ट्रकमध्ये चालकाशेजारी दाटीवाटीनं, मग स्वतःच्या गाडीतून, भांडी घेऊन त्या फिरत आल्या होत्या. फाटकावरच्या पहारेकऱ्यापासून चहावाल्यापर्यंत सगळे त्यांना भांडीवाल्या काकू म्हणत. खुंट्या, दोर, वायरी यांच्या जंजाळात एवढी वर्षं वावरल्या, पण कधी ठेच लागली नाही. आणि मागच्या थंडीत घरच्या न्हाणीघरात, रोजच्या त्याच फरशीवर पाय घसरला. उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण हाताची पकड परत आली नाही. भरलेली किटली उचलायला गेलं की बोटं आपोआप सुटत, जशी काही ती दुसऱ्याच कुणाची असावीत.

त्यामुळे या वर्षी मांडणी सुनेची होती. आणि मेळा साधा नव्हता.

शहरातल्या एका मोठ्या भांड्यांच्या दुकानाचे शेठ मुलाच्या मागे लागले होते. तुझा सगळा माल घेतो, तूही गल्ल्याशेजारी उभा राहा, डोक्यावर छप्पर, महिन्याच्या महिन्याला पगार. गाडी विकून टाकायची आणि ऊन-वाऱ्यातून मोकळं व्हायचं. आज संध्याकाळी ते उत्तर ऐकायला स्वतः मेळ्यात येणार होते. मुलानं घरी स्पष्टच सांगितलं होतं, “आई, लोक थांबायचे ते तुझ्या मांडणीपुढे. तुझ्या हातानं आता ते होणार नाही. या मेळ्यात बघू. लोक थांबले तर गाडी ठेवू. नाही थांबले तर शेठना हो म्हणून टाकतो.”

सून भांडी घासत होती, तिनं मागे वळूनही न बघता म्हटलं होतं, “मांडणी मी करते.”

आता ती करत होती आणि काकू बघत होत्या. काम नेटकं होतं, त्यात वाद नव्हता. जड पातेली खाली, हलकी वर. कढया एका उंचीच्या. चाळण्या, किसण्या, गाळण्या मागच्या दोरीला समान अंतरावर. पुढच्या कडेला पॅनची रांग.

“मुठी आत कर गं पॅनच्या,” काकू खुर्चीतून म्हणाल्या.

“केल्यात, आई. तुमच्या घरात पाऊल ठेवल्यापासून दुसरं केलंय काय मी?”

यावर काकूंनाही हसू आलं. लग्नानंतरच्या दुसऱ्या सकाळी नव्या सुनेनं चुलीवर दूध ठेवलं होतं आणि पॅनची मूठ बाहेर राहिली होती. काकू दारातूनच अशा कडाडल्या होत्या, “मूठ आत!” की पोरीच्या हातातला चमचा उडून दुधात पडला. तिला वाटलं, आपण काय मोडलं आणि काय फोडलं! मग काकूंनी मुलाला हाक मारली, त्याचा सदरा खांद्यावरून खाली ओढला आणि तिला डाग दाखवला. मोठ्या नाण्याएवढा, गुळगुळीत, चकाकणारा. रांगता असताना त्यानं उकळत्या पाण्याचं पॅन मुठीला धरून ओढलं होतं. थोडक्यात निभावलं. पण तेव्हापासून काकूंच्या घरात कुठल्याही भांड्याची मूठ बाहेर राहिली नाही. कुणाच्या घरी पाहुण्या म्हणून गेल्या तरी यजमानीणबाईंच्या चुलीपाशी जाऊन त्या मूठ आत वळवून येत. एकदा तर हॉटेलच्या आचाऱ्याशी भांडल्या होत्या.

“फळी कुठंय?” काकूंनी पुढचा प्रश्न टाकला.

मुलगा आणि सून यांनी एकमेकांकडे बघितलं.

“गाडीत मावली नाही,” मुलगा म्हणाला. “तुझी खुर्ची आणली ना.”

काकूंनी डोळे मिटून घेतले. ती फळी म्हणजे स्टॉलपुढे गुडघ्याच्या उंचीवर ठेवायची साधी पट्टी. लोकांना वाटे, तीवर माल मांडायचा राहिला आहे. तीवर माल मांडायचाच नसे. ती पिशव्यांसाठी होती. हात मोकळे झाल्याशिवाय कुणी वस्तू उचलत नाही, हे काकूंनी त्यांच्या पहिल्याच मेळ्यात पाहिलं होतं.

तो मेळा त्यांना अजून काल झाल्यासारखा आठवत होता. नवरा माणूस मोठा हौशी, पण मांडणी म्हणजे त्याच्या लेखी उतरंड. थोरल्यावर मधलं, मधल्यावर धाकटं, सगळी भांडी अशी चढवून ठेवायची की सर्कशीतल्या माणसांचा मनोरा. लोक लांबून बघायचे, कौतुक करायचे आणि पुढे जायचे. हात कोण लावणार? खालचं काढलं तर वरचं कोसळेल! दुपारपर्यंत एक चमचा खपला नव्हता. काकू पोराला कडेवर घेऊन उभ्या होत्या. पोरानं हात टाकला आणि एका पातेल्यावरचं झाकण सरकवलं. झाकण पडलं नाही; काठावर तिरकं टेकून राहिलं. ते नीट करायला जाणार, एवढ्यात पोर रडायला लागलं आणि ते तसंच राहिलं.

तेवढ्यात एक बाई आली. घाईत होती. दोन्ही हातांत पिशव्या. पुढे निघून गेली, मग थबकली आणि दोन पावलं मागे आली. पिशवी पायांच्या मध्ये ठेवली आणि ते झाकण सरळ केलं. कुणी सांगितलं नव्हतं. तिला बघवलं नाही म्हणून केलं. पण झाकण सरळ केल्यावर तिचा हात तिथंच राहिला. तिनं काठावरून अंगठा फिरवला. बुडाला बोटाच्या पेरानं टकटक केली. पातेलं उचललं, वजन जोखलं. काकू श्वास रोखून बघत राहिल्या. जाताना ती बाई ते पातेलं घेऊनच गेली.

त्या दिवसापासून काकूंनी मांडणी हातात घेतली. सगळं कसं लख्ख, नीट, पण एक वस्तू मुद्दाम चुकीची. एखादं झाकण तिरकं. त्याला त्या ‘खोडी’ म्हणत. “खोडी ठेवली का?” नवरा मेळा सुरू होण्याआधी हळूच विचारायचा आणि त्या डोळे मिचकावायच्या. दोघांचं गुपित होतं ते. लोक यायचे, झाकण सरळ करायचे, थांबायचे. लोक गेले की काकू जाता जाता बोट लावून झाकण पुन्हा तिरकं करायच्या. अख्ख्या मैदानात त्यांच्या स्टॉलपुढे गर्दी का, ते कुणाला कळायचं नाही. चादरवाला तर म्हणायचा, “दादा, वहिनी काही मंतर-बिंतर घालतात की काय?” नवरा छाती फुगवून म्हणायचा, “हाताचा गुण आहे, बाबा!” नवरा गेला तेव्हा या गुपिताचा दुसरा वाटेकरी गेला. मुलाला माहीत होतं, पण त्याला त्यात काही नवल वाटत नसे.

सून घरात आली ती औषधाच्या दुकानात काम करून. तिथं बाटलीवरची चिठ्ठी पुढे, रांग सरळ, मोठी मागे, छोटी पुढे. पहिल्याच मेळ्यात तिनं स्टॉलच्या आतून हात घालून तिरकं झाकण सरळ करून टाकलं. काकूंनी ते पुन्हा तिरकं केलं. तिनं पुन्हा सरळ केलं. संध्याकाळपर्यंत हा खेळ चालला. शेवटी काकूंना हसू आवरेना. “अगं, तू तर गिऱ्हाईक झालीस की गं!” त्या म्हणाल्या. सून गोरीमोरी झाली. तिला काही उमगलं नाही आणि काकूंनी उलगडून सांगितलंही नाही. खोडी काय सांगून शिकवतात? जिला दिसेल तिची ती. सून पाहील, तिला दिसेल, या आशेवर काकूंनी किती मेळे काढले. ती आपली दर वेळी झाकणं सरळ करत राहिली.

आजही सगळी झाकणं सरळ होती.

फाटक उघडलं. लोक येऊ लागले. मैदानात पायांची आणि आवाजांची तीच ती ओळखीची लाट पसरली. काचवाला पेल्यावर चमचा वाजवायला लागला, चादरवाल्यानं चादर हवेत झटकली. काकू खुर्चीच्या टोकावर सरकून लोकांचे पाय बघू लागल्या. चेहरे फसवतात, पाय नाही. पाय यायचे, स्टॉलपाशी जरासे मंदावायचे आणि पुढे जायचे.

“छान लावलंय हो,” एक बाई तिच्या नवऱ्याला म्हणाली आणि निघून गेली.

“बघितलंस?” मुलगा म्हणाला. “छान लावलंय म्हणाली.”

“छान लावलंय म्हणाली आणि गेली,” काकू म्हणाल्या. “तेच तर सांगतेय मी.”

सून फडक्यानं एक बरणी पुसत होती. तीच बरणी ती मघापासून पुसत होती.

ऊन चढत गेलं. एकदोघांनी चमचे घेतले, एका म्हाताऱ्यानं सुरीची धार विचारली. पॅन, पातेली, कढया जशीच्या तशी. आता काकूंना राहवेना. मुलगा खोकी मागे रचत होता, सून पाठमोरी होती. काकू उठल्या. कडेच्या मोठ्या पातेल्याजवळ गेल्या. एवढंसं झाकण, त्याला काय पकड लागते? उजव्या हातानं त्यांनी झाकणाची गुंडी धरली आणि उचललं.

बोटं सुटली.

झाकण पातेल्याच्या काठावर आपटलं, तिथून पॅनच्या रांगेवर, तिथून खाली. जमिनीवर ते चाकासारखं गरगरत रस्त्यावर गेलं आणि कितीतरी वेळ वाजत राहिलं. भांड्यांचा आवाज भांडीवाल्यांना नवा नसतो, पण तो असा झाला की काचवाल्याचा चमचा थांबला. सगळी वाट मान वळवून बघत होती. काकू तशाच उभ्या होत्या, हात पुढे, बोटं उघडी.

सून धावली. झाकण उचलून आणलं, पदराला पुसलं आणि पातेल्यावर ठेवलं. सरळ.

मग हलक्या आवाजात म्हणाली, “आई, तुम्ही जरा फिरून या ना. एवढे मेळे केलेत, पण मेळा पाहिलाय कुठं कधी तुम्ही?”

त्यांनी सुनेकडे बघितलं, मग मुलाकडे. तो खोक्यांत डोकं घालून उभा होता. काकूंनी आपली पिशवी खांद्याला अडकवली. “जाते,” त्या म्हणाल्या. “माझं इथं काय अडलंय!”

चादरवाल्यानं सगळं पाहिलं होतं. स्टॉल बायकोवर सोपवून तो मागोमाग आला. “वहिनी, चला, चहा पाजतो.”

“तू पाजणार? आज सूर्य कुठं उगवलाय?”

“म्हणून तर म्हणतो, संधी सोडू नका.”

मैदानाच्या पार टोकाला चहावाल्याच्या बाकावर दोघं बसले. काकूंनी कप डाव्या हातात घेतला. उजवा मांडीवर तसाच पडला होता. त्या त्याच्याकडे एखाद्या उनाड पोराकडे बघावं तशा बघत होत्या.

“मला हाकललं रे तिनं,” त्या म्हणाल्या.

“हाकललं कुठं? फिरून या म्हणाली.”

“तेच ते. गोड बोलून.”

“वहिनी, माझा मुलगा काय म्हणतो माहीत आहे? म्हणतो, बाबा, चादरी झटकता कशाला, मी फोनवर फोटो टाकतो. लोक फोटो बघून घेतात म्हणे. चादरीला हात न लावता! मी म्हटलं, अरे, मऊ आहे की खरखरीत, ते फोटोत कुठं कळतं? तर म्हणे, तसं लिहायचं खाली.” तो हसला, पण हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही. “तुमची सून निदान मैदानात तर आलीय.”

“पोरगी गुणाची आहे, मी नाही कुठं म्हणते?” काकू म्हणाल्या. “माझा हात मोडला तेव्हा माझी वेणी तिनं घातली. रोज. पण तिचा हात फार सरळ आहे रे. सरळ हातानं मेळा होत नाही. संध्याकाळी ते शेठ येतील, पोरगा मान हलवेल, संपलं. एवढं सगळं उभं केलं, ते कपाटात जाऊन बसेल.”

चहा संपला तरी दोघं बसून राहिले. मग त्याला बायकोची आठवण झाली आणि तो उठला. काकू एकट्याच फिरत राहिल्या. सून म्हणाली ते खोटं नव्हतं. मेळा त्यांनी नेहमी आतून पाहिला होता, फळ्यांच्या मागून. बाहेरून पाहिला नव्हता. वाटेवरून चालणाऱ्याला केवढी गर्दी लागते, पाय किती दुखतात, पिशवी खांद्याला कशी काचते, हे त्यांना आज कळत होतं. त्यांनी खेळण्यांचा स्टॉल बघितला, दिव्यांचा बघितला, टोपल्यांचा बघितला. टोपलीवाल्याची मांडणी बघून त्यांचा जीव कळवळला. “टोपलीत टोपली घालून ठेवलीस तर टोपली दिसायची कशी रे?” त्या बोलून गेल्या आणि तो बिचारा बघतच राहिला.

ऊन कलायला लागलं तशी त्यांची पावलं आपोआप वळली. किती रुसलं तरी बैल गोठ्याकडेच वळतो, तशा त्या आपल्या वाटेला लागल्या. वाट दाटली होती. पुढे काहीतरी अडलं होतं. माणसं उभी होती, नुसती चालत नव्हती. काकूंनी टाचा उंचावून बघितलं, पण त्यांची उंची पहिल्यापासून बेताची. कुणाच्या खांद्यामागे त्यांना पांढरं कापड दिसलं आणि त्यावर तांबडी किटली. पांढऱ्यावर ती ठसठशीत उठून दिसत होती. निळ्यावर ती कधी एवढी दिसली नव्हती, हे त्यांना कबूल करावं लागलं. मनातल्या मनात.

त्या गर्दीतून वाट काढत पुढे सरकल्या. एवढ्यात एक छोटी पोर, जेमतेम चालायला शिकलेली, आईचं बोट सोडून त्यांच्या पायांमधून दुडूदुडू पुढे गेली. काकूंची नजर तिच्यामागे गेली. स्टॉलच्या कडेवर एक पॅन होतं आणि त्याची मूठ बाहेर होती. चांगली वीतभर बाहेर, वाटेवर, बरोबर पोरीच्या डोक्यापाशी.

हात गेला. काकूंनी तो पाठवला नाही, तो गेला. उजवाच. त्यांनी मूठ आत वळवली.

मग हात तिथंच राहिला. पॅनचं बूड जाड होतं, काठ गोल, बोटाला कुठं टोचत नव्हतं. थंडगार, गुळगुळीत. चांगलं आहे, त्यांना वाटलं.

“हातात घेऊन बघा, ताई,” आतून आवाज आला. “दिसतं तेवढं जड नाही ते.”

सून बरणी पुसत एका बाजूला उभी होती. मान खालीच होती. गिऱ्हाईक आलं की त्याच्या तोंडाकडे बघायचं नाही, आपण आपलं काहीतरी करत राहायचं, हे काकूंनी तिला कधी शिकवलं नव्हतं. उत्तर आलं नाही म्हणून तिनं मान वर केली. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. काकूंचा हात अजून मुठीवर होता.

सुनेचं तोंड आधी उघडंच राहिलं, मग हसू फुटलं. “आई,” ती म्हणाली, “तुम्ही तर गिऱ्हाईक झालात की!”

चादरवाल्याला नक्की काय झालं ते कळलं नव्हतं, पण तोही हसायला लागला. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या म्हणाल्या ते भलतंच, “आणि ती मूठ कुणी ठेवली बाहेर? पोर आपटलं असतं म्हणजे?”

“मी इथंच उभी आहे, आई. पोरावर डोळा आहे माझा. पॅन रिकामं आहे, गारही आहे.” सून पुढे झुकली आणि आवाज खाली आणून म्हणाली, “तुम्ही झाकण पाडलंत ना सकाळी, त्यानं पॅनची रांग विस्कटली. मी झाकणामागे धावले आणि एका पॅनची मूठ बाहेर राहिली. तुम्ही गेलात, आणि एक बाई आली पोराला घेऊन. तिनं मूठ आत केली. आणि मग थांबली ना, आई! पॅन उलटंसुलटं करून बघितलं. तिच्यामागची थांबली. तिला बघून आणखी एक.”

काकू तिच्याकडे बघत होत्या. “म्हणजे झाकणांचं...”

“झाकणांचं मला कधीच कळलं होतं. दुसऱ्याच मेळ्यात. पण माझ्याच्यानं होतच नाही हो ते. तिरकं ठेवते आणि माझाच हात सरळ करतो. तुमची खोडी मला साधत नाही, म्हटलं, आपली सुचेल तेव्हा सुचेल.” मग ती जराशी लाजून म्हणाली, “मूठ कशी बाहेर ठेवायची ते मात्र जमलं. इतकी बोलणी खाल्लीत ना तिच्यापायी.”

तेवढ्यात गर्दीच्या कडेला पांढऱ्या सदऱ्यातले एक गृहस्थ रुमालानं मान पुसत उभे असलेले काकूंना दिसले. बराच वेळ उभे असावेत. ते मुलाला खुणेनं बोलवत होते. मुलाच्या दोन्ही हातांत पातेली होती, काखेत चाळण होती, आणि एक बाई त्याला विचारत होती की याचं झाकण वेगळं मिळेल का.

“शेठ,” मुलगा घाम पुसायलाही न थांबता म्हणाला, “जरा बाजूला होता का? गिऱ्हाईक आहे मागे. तुमच्याशी नंतर बोलतो.” आणि थोडं थांबून, “म्हणजे, कळवतो तसं. पण गाडी काही विकायची नाहीये.”

शेठ बाजूला झाले. होता होता त्यांचा हातही एका कढईवर पडला, आणि त्यांनी ती उलटी करून बूड बघितलं. काकूंनी ते टिपलं.

“आत या, आई, बसा,” सून म्हणाली. “दमलात.”

काकूंनी खुर्ची शोधली. आत खुर्ची नव्हती. ती बाहेर होती, स्टॉलपुढे, फळीच्या जागी. तिच्यावर पिशव्या होत्या. कापडाच्या, कागदाच्या, एक जाळीची, सगळ्या एकमेकींवर रेलून. त्या ठेवून बायका मोकळ्या हातांनी भांडी वाजवून बघत होत्या.

सुनेच्या ते लक्षात आलं. तिचा चेहरा उतरला. “अगबाई, मी विसरलेच. थांबा, मी आत घेते.” ती बाहेर यायला निघाली.

“राहू दे,” काकू म्हणाल्या.

“अहो, पण तुम्ही बसणार कुठं?”

“मी कधी बसलेय मेळ्यात?”

त्यांनी खांद्यावरची पिशवी काढली आणि सगळ्यांच्या पिशव्यांवर अलगद ठेवली. खांदा हलका झाला. मग त्या स्टॉलच्या कडेला, पॅनच्या रांगेपाशी जाऊन उभ्या राहिल्या. फडकं घेतलं आणि पुसल्यासारखं करायला लागल्या. ती छोटी पोर आईच्या कडेवर चढून निघून गेली. पॅन बघणारी एक बाई दुसरंच पॅन घेऊन गेली. क्षणभर कडेला जागा मोकळी झाली.

काकूंनी वाटेकडे बघितलं नाही. उजवा हात पुढे केला आणि दोन बोटांनी, नुसत्या टोकांनी, ती मूठ हळूच बाहेर वळवली. त्याला पकड लागत नव्हती.